तीन खतांचे मुद्दल

आमच्या घरी कर्जाच्या गोष्टी सांगितल्या जात त्या नाडलेल्या कुळाच्या बाजूने. त्यामुळे भीमथडीतल्या जुन्या घरातल्या पेटीत मोडी लिपीतली तीन खते निघाली, तेव्हा ती पणजोबांनी काढलेल्या कर्जाचीच असणार, असे मी धरून चाललो. मोडी मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एकट्यानेच शिकलो. अक्षर लागू लागले आणि पहिल्याच ओळीत अडखळलो. कर्ज देणारा तो धनको, घेणारा तो ऋणको. जुन्या खतांत ‘रिणको’. पणजोबांचे नाव धनको म्हणून होते.

खरे तर वाचण्याआधीच हे कळायला हवे होते. खत राहते धनकोपाशी. कर्ज फिटले, किंवा जुन्याच्या जागी नवे खत झाले, की भरपाईचा शेरा मारून अथवा फाडून ते ऋणकोला परत द्यायचे. आमची तिन्ही खते अखंड होती, शेऱ्यावाचून.

ऋणको एकच. खते 1866, 1869 आणि 1872 ची; रकमा 100, 172 आणि 296 रुपये; व्याज दरमहा शेकडा 2. हिशेब मांडला. शंभरावर तीन वर्षांचे व्याज 72. ते मिळवून 172 चे नवे खत. त्यावर पुढचे व्याज सुमारे 124, झाले 296. म्हणजे पहिल्या शंभरानंतर त्या माणसाच्या हाती एक रुपयाही पडला नव्हता.

तीनच वर्षे का? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या साध्या खतावर दावा लावायला 3 वर्षांची मुदत घातली. जुन्या खतांवरून कुळांचा छळ होऊ नये, हा हेतू. घडले उलटे. मुदत भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई आणि व्याज मुद्दल होऊन बसे. दामदुपटीच्या नियमाने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शंभराचे फार तर दोनशे. पण खत बदलले की नियमाचा पायाच बदलतो. 296 ची दामदुपट 592.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लूटही झाली, पण लोकांना मुख्यतः हवी होती खते आणि हुकूमनामे, जाळायला. त्यानंतर चौकशी आयोग बसला, आणि 1879 च्या कायद्याने न्यायालयांना खतातल्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहायला लावले.

आमची पेटी जळली नाही, म्हणून मलाही तो हिशेब पाहता आला. मुद्दल निघते 100 रुपये. त्या ऋणकोच्या वंशजांचे घर आजही गावात आहे. दिवाळीनंतर तिन्ही खते त्यांच्याकडे नेऊन देणार आहे.