स्टोनफिश

स्टोनफिश (शास्त्रीय नाव: सिनान्सिया व्हेरुकोसा) हा समुद्रतळाशी राहणारा, दबा धरून शिकार करणारा विषारी मासा आहे. इंग्रजीतील या नावाचा अर्थ ‘दगडी मासा’ असा होतो. या जातीचे वर्णन ब्लॉक व श्नायडर यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केले.

आढळ
तांबड्या समुद्रापासून हिंदी व प्रशांत महासागरांतील फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत हा मासा आढळतो. भारतात तो लक्षद्वीप व अंदमान-निकोबार बेटांजवळ सापडतो. प्रवाळभित्तींचे उथळ पाणी आणि खडकांलगतची वाळू ही त्याची राहण्याची ठिकाणे होत.

वर्णन
याची लांबी साधारणतः २७ सेंमी. असते, काही मासे ४० सेंमी.पर्यंत वाढतात. डोके मोठे व रुंद, डोळे बारीक, तर तोंड वरच्या दिशेने उघडणारे असते. त्वचेवर खवले नसून चामखिळींसारखे उंचवटे असतात. करड्या-तपकिरी रंगावर मधूनमधून पिवळे, नारिंगी किंवा लाल डाग दिसतात. अंगावर शेवाळही वाढत असल्याने मासा आणि दगड यांत फरक करणे कठीण जाते.

शिकार
रुंद अंसपक्षांनी (छातीजवळील परांनी) वाळू उकरून हा मासा त्यात अर्धवट गाडून घेतो व तासन्‌तास निश्चल राहतो. लहान मासा किंवा कोळंबी तोंडाच्या टप्प्यात येताच तो एकदम जबडा उघडतो आणि आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य गिळतो. ही क्रिया सुमारे ०.०१५ सेकंदात पूर्ण होते.

विष
शिकारीसाठी विषाचा उपयोग होत नाही. ते केवळ स्वसंरक्षणासाठी असते. पृष्ठपक्षात (पाठीवरील परात) बहुधा १३ काटे असून प्रत्येक काट्याच्या दोन्ही बाजूंना विषग्रंथी असतात. काट्यावर दाब पडला की विष जखमेत शिरते.

चाहूल लागल्यावर हा मासा सहसा पळून जात नाही, काटे ताठ करून जागीच थांबतो. त्यामुळे उथळ पाण्यात चालणाऱ्यांचा पाय नकळत त्याच्यावर पडतो. दंशामुळे असह्य वेदना व सूज येते. गंभीर प्रसंगी हृदयक्रिया व श्वसन बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. विषातील प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून प्रथमोपचारात जखमी भाग त्वचा भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात व रुग्णाला त्वरित रुग्णालयात नेतात. यावरील प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५९ पासून उपलब्ध आहे.

आहारातील उपयोग
विषारी काटे काढून हा मासा जपान व हाँगकाँग येथे खाल्ला जातो.