लिनक्सवर फायरवॉल खरोखर सुरू आहे का?

लिनक्स ही मुळातच सुरक्षित प्रणाली असल्याने फायरवॉलची चिंता करण्याचे कारण नाही, असा समज तिच्या वापरकर्त्यांमध्ये रूढ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या समजाला धक्का बसला. प्रिंटर आपोआप शोधून देणाऱ्या 'कप्स-ब्राउज्ड' या सेवेतील त्रुटी सुरक्षा संशोधक सिमोने मार्गारितेली यांनी तेव्हा उघड केली. ही सेवा ६३१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर कोणाकडूनही आलेला संदेश स्वीकारीत असे. अशा संदेशाद्वारे बनावट प्रिंटर पुढे करायचा आणि वापरकर्त्याने त्यावर छपाई करताच त्याच्या संगणकावर आपली आज्ञा चालवायची, असा मार्ग हल्लेखोराला मोकळा होता. पुढे ही त्रुटी दूर करण्यात आली. मात्र, बाहेरून येणारे संदेश अडविणारी फायरवॉल जेथे सुरू होती, तेथे या पोर्टवर आलेला संदेश सेवेपर्यंत पोहोचूच शकत नव्हता.

लिनक्समधील फायरवॉल हा पडद्यावर दिसणारा स्वतंत्र प्रोग्रॅम नाही. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 'नेटफिल्टर' ही यंत्रणा २००१ मधील २.४ या आवृत्तीपासून आहे. कोणता संदेश आत घ्यावा आणि कोणता अडवावा, हे तिला दिलेल्या नियमांवरून ठरते. यूएफडब्ल्यू, फायरवॉलडी ही नियम लिहून देणारी साधने आहेत. त्यामुळे साधन संगणकावर असणे आणि नियम लागू असणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. उबुंटूमध्ये २००८ पासून यूएफडब्ल्यू समाविष्ट आहे. परंतु ते आपोआप सुरू होत नाही. फेडोरामध्ये मात्र फायरवॉलडी सुरुवातीपासूनच कार्यरत असते.

अशी करावी तपासणी

तपासणीसाठी टर्मिनल उघडावे. पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकित कराव्यात. पासवर्ड विचारल्यास तो द्यावा.

* उबुंटू व लिनक्स मिंट : 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज'. उत्तरात 'अॅक्टिव्ह' आल्यास फायरवॉल सुरू आहे, 'इनअॅक्टिव्ह' आल्यास बंद. सुरू असल्यास 'डिफॉल्ट' या ओळीत येणाऱ्या संदेशांसाठी 'डिनाय' हा शब्द आहे ना, हेही पाहावे.

* फेडोरा व ओपनसूसे : 'सुडो फायरवॉल-सीएमडी --स्टेट'. 'रनिंग' हे उत्तर अपेक्षित आहे.

* अन्य लिनक्स : 'सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट'. काहीच उत्तर न आल्यास या यंत्रणेत एकही नियम नाही, असे समजावे.

फसवे उत्तर

'सिस्टिमसीटीएल स्टेटस यूएफडब्ल्यू' ही आज्ञा देऊन अनेक जण निश्चिंत होतात. तेथे हिरव्या अक्षरांत 'अॅक्टिव्ह (एक्झिटेड)' असे दिसते. त्याचा अर्थ एवढाच, की संगणक सुरू होताना ती सेवा एकदा चालली आणि तिचे काम संपले. फायरवॉल बंद ठेवलेली असतानाही हेच उत्तर येते. म्हणून यूएफडब्ल्यूची स्थिती यूएफडब्ल्यूलाच विचारावी.

दुसरी अडचण 'डॉकर' वापरणाऱ्यांची. डॉकर आपले नियम स्वतःच लिहितो. त्याने बाहेरच्यांसाठी खुले केलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या मनाईला जुमानत नाही.

कोणत्या सेवा जोडणीची वाट पाहत आहेत, हे 'एसएस -टीयूएलएन' या आज्ञेने कळते. पत्ता १२७.०.०.१ असल्यास ती सेवा त्याच संगणकापुरती मर्यादित असते. ०.०.०.० असा पत्ता मात्र ती नेटवर्कवरील इतरांसाठीही उपलब्ध असल्याचे दर्शवितो. फायरवॉलची गरज अशाच सेवांसाठी असते.

बंद असल्यास

उबुंटूवर 'सुडो यूएफडब्ल्यू इनेबल' ही एकच आज्ञा पुरेशी आहे. ती दिल्यावर संगणक पुन्हा सुरू केला, तरी फायरवॉल कायम राहते. टर्मिनलची सवय नसलेल्यांसाठी 'जीयूएफडब्ल्यू' हे चित्रमय साधन आहे. संगणक दुरून एसएसएचद्वारे हाताळला जात असेल, तर आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच' ही आज्ञा द्यावी. अन्यथा नवी जोडणी मिळणार नाही.

घरातील राउटरमुळे बाहेरच्या संदेशांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. वसतिगृह, हॉटेल किंवा रेल्वे स्थानकावरील वाय-फायवर त्याच नेटवर्कमध्ये अनोळखी संगणक असतात आणि राउटरचा तो आडोसा तेथे उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी जोडणी घेण्यापूर्वी, तसेच प्रणाली नव्याने बसविल्यानंतर ही तपासणी अवश्य करावी. तिला एक मिनिटही लागत नाही.