पहिला, शेवटचा, एकाआड एक : वेबपानावरील घटकांची स्थानानुसार निवड

वेबपानावरील मजकुराचा रंग, आकार, अंतर आणि मांडणी ठरविणाऱ्या भाषेस ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’ अथवा संक्षेपाने सीएसएस असे म्हणतात. या भाषेतील प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. शैली कोणत्या घटकास लावायची हे पहिला भाग सांगतो, तर कोणती शैली लावायची हे दुसरा. यांतील पहिल्या भागास ‘सिलेक्टर’ म्हणजेच निवडक अशी संज्ञा आहे. घटकाची निवड त्याच्या प्रकारावरून करता येते (सर्व परिच्छेद, सर्व मथळे), त्याला दिलेल्या नावावरून म्हणजे ‘क्लास’वरून करता येते, किंवा रांगेतील त्याच्या स्थानावरून करता येते. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या पद्धतीचा परिचय करून दिला आहे.

पूर्वपीठिका

सीएसएसची मूळ कल्पना हाकोन व्युम ली यांनी १९९४ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत काम करीत असताना मांडली. पुढे बर्ट बॉस यांच्या सहकार्याने ती विकसित झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. परिच्छेदाची पहिली ओळ आणि पहिले अक्षर वेगळे काढण्याची सोय त्या आवृत्तीतच होती. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘फर्स्ट-चाइल्ड’, म्हणजे पहिले अपत्य, हा निवडक आला. शेवटचे, अमुकावे, एकाआड एक अशा निवडींसाठी मात्र तिसऱ्या पिढीच्या निवडकांची वाट पाहावी लागली. त्यांची शिफारस २९ सप्टेंबर २०११ रोजी झाली. हे निवडक ब्राउझरांत येईपर्यंत तक्त्यातील एकाआड एक ओळ रंगविण्यासाठी प्रत्येक ओळीस हाताने नाव द्यावे लागे, किंवा ते काम वेगळ्या आज्ञावलीकडून करवून घ्यावे लागे.

पालक, अपत्ये आणि भावंडे

वेबपानाची रचना वंशावळीसारखी असते. यादी हा पालक मानला, तर तिच्यातील प्रत्येक नोंद हे त्याचे अपत्य ठरते आणि सर्व नोंदी परस्परांची भावंडे ठरतात. स्थानानुसार निवड करताना ब्राउझर एकाच पालकाच्या अपत्यांची मोजणी करतो. ही मोजणी शून्यापासून नव्हे, तर एकपासून सुरू होते.

गोमंतकीय प्रवाशांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळी येथे आहे. वास्कोहून घाट चढून हुबळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील निवडक स्थानकांची यादी एखाद्या वेबपानावर द्यावयाची आहे असे समजा. तिचा क्रम असा असेल : १) वास्को द गामा, २) मडगाव, ३) सावर्डे, ४) कुळे, ५) कॅसल रॉक, ६) लोंढा, ७) अळणावर, ८) धारवाड, ९) हुबळी.

या यादीत ‘फर्स्ट-चाइल्ड’ या निवडकाने वास्को, तर ‘लास्ट-चाइल्ड’ने हुबळी निवडले जाईल. प्रारंभीचे व अखेरचे स्थानक ठळक करण्यासाठी एवढे पुरेसे आहे. मधल्या कोणत्याही स्थानासाठी ‘एन्थ-चाइल्ड’ हा निवडक वापरतात आणि त्याच्या कंसात क्रमांक लिहितात. कंसात ५ लिहिल्यास कॅसल रॉक निवडले जाते. ‘एन्थ-लास्ट-चाइल्ड’ हा निवडक शेवटाकडून मोजतो. त्याच्या कंसात २ लिहिल्यास धारवाड हाती येते. या सर्व निवडकांपूर्वी अपूर्णविराम म्हणजे ‘कोलन’ हे चिन्ह येते आणि प्रत्यक्ष लेखन रोमी लिपीतच करावे लागते.

कंसातील अंकगणित

‘एन्थ-चाइल्ड’च्या कंसात एकाच अंकाऐवजी छोटे सूत्रही लिहिता येते. या सूत्रातील ‘एन’च्या जागी ब्राउझर ०, १, २, ३ असे आकडे क्रमाने घालतो. उत्तर एक किंवा त्याहून मोठे आले तरच ते ग्राह्य धरले जाते.

‘२एन’ या सूत्राने २, ४, ६, ८ म्हणजे मडगाव, कुळे, लोंढा आणि धारवाड ही सम स्थाने मिळतात. ‘२एन + १’ ने १, ३, ५, ७, ९ ही विषम स्थाने मिळतात. या दोन सूत्रांना अनुक्रमे ‘ईव्हन’ आणि ‘ऑड’ असे सोपे पर्यायही आहेत. ‘एन + ५’ असे लिहिल्यास पाचव्यापासून शेवटपर्यंतची सर्व स्थानके निवडली जातात. ‘एन’ला उणे चिन्ह देऊन ‘-एन + ४’ असे लिहिल्यास ४, ३, २, १ अशी उत्तरे येतात आणि पुढची सर्व शून्य किंवा उणे असल्याने बाद होतात. पहिल्या चार नोंदी निवडण्याची ही रीत आहे. दोन सूत्रे एकापुढे एक जोडली, तर मधला पट्टा निवडता येतो. ‘एन + ३’ आणि ‘-एन + ६’ एकत्र लिहिल्यास तिसऱ्या ते सहाव्या नोंदीवरच शैली लागू होते.

एकाआड एक ओळीस फिकी छटा देणे हा या सूत्रांचा सर्वाधिक प्रचलित उपयोग होय. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर डावीकडील स्थानकाच्या नावापासून उजवीकडील वेळेपर्यंत नजर नेताना ओळ चुकण्याचा संभव असतो. अळणावरच्या नावासमोर धारवाडची वेळ वाचली गेली, तर गाडी चुकते. परीक्षेचा निकाल, मतमोजणीचे आकडे, औषधांच्या मात्रेचा तक्ता अशा ठिकाणी या साध्या छटेचे मोल अधिक वाढते.

स्थान आणि अर्थ

वरील यादीतील पहिली चार स्थानके गोव्यातील आहेत आणि पाचव्यापासून पुढची कर्नाटकातील. पोर्तुगीज काळात हद्द ओलांडल्यावर लागणारे पहिले स्थानक म्हणून कॅसल रॉकची ओळख होती. तेव्हा गोव्यातील स्थानके एका रंगात आणि कर्नाटकातील दुसऱ्या रंगात दाखविण्यासाठी ‘-एन + ४’ आणि ‘एन + ५’ ही दोन सूत्रे वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पान तयार होईल त्या दिवशी रंग अचूकही दिसतील.

पुढे कोणीतरी कुळे आणि कॅसल रॉक यांच्यामध्ये दूधसागर या स्थानकाची नोंद घालतो. यादी दहाची होते. दूधसागर गोव्यात असूनही पाचव्या जागी आल्यामुळे त्याला कर्नाटकाचा रंग चढतो. ब्राउझर कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच चुकलेले नसते. पाचव्या नोंदीपासून रंग बदलावा असे त्याला सांगितले होते आणि त्याने ते तंतोतंत पाळले. राज्याची सीमा पाचव्या क्रमांकावर आहे हे त्याला कधीच सांगितलेले नव्हते; ते गृहीत नियम लिहिणाऱ्याच्या मनात होते.

म्हणूनच स्थानावरून केवळ स्थानाशी निगडित गोष्टीच ठरवाव्यात. पहिल्या नोंदीच्या वरची रेघ काढून टाकणे, शेवटच्या नोंदीखाली जागा न सोडणे, ओळींना आळीपाळीने छटा देणे ही कामे यादी कितीही वाढली वा घटली तरी बिनचूक होतात. स्थानक कोणत्या राज्यात आहे, उमेदवार विजयी झाला की पराभूत, औषध रिकाम्यापोटी घ्यायचे की जेवणानंतर, हा अर्थाचा भाग आहे. तो त्या घटकास ‘क्लास’ देऊनच नोंदवावा. शिवाय असा अर्थ केवळ रंगावर सोपवू नये. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखविणारी आज्ञावली पार्श्वभूमीचा रंग सहसा सांगत नाही. त्यामुळे राज्याचे नाव शब्दांतही असायला हवे.

मोजणीतील नेहमीच्या चुका

पहिली चूक ‘फर्स्ट-चाइल्ड’च्या अर्थाविषयी होते. परिच्छेदास हा निवडक जोडला म्हणजे ‘पहिला परिच्छेद’ निवडला जातो, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ‘जो परिच्छेद असून आपल्या पालकाचे पहिले अपत्यही आहे’ असाच घटक निवडला जातो. लेखाच्या आरंभी मथळा असेल, तर पहिले अपत्य मथळा ठरतो आणि कोणताच परिच्छेद निवडला जात नाही. अशा वेळी एकाच प्रकारच्या भावंडांत मोजणी करणारे ‘फर्स्ट-ऑफ-टाइप’ व ‘एन्थ-ऑफ-टाइप’ हे निवडक उपयोगी पडतात. मथळ्यानंतर लगेच येणारा परिच्छेद निवडण्यासाठी दोन घटकांमध्ये अधिक चिन्ह लिहिण्याचीही सोय आहे.

दुसरी चूक लपविलेल्या घटकांविषयी आहे. यादीतील काही नोंदी पडद्यावरून अदृश्य केल्या, तरी मोजणीत त्या कायम राहतात. त्यामुळे गाळलेल्या यादीत सारख्या छटेच्या दोन ओळी लागोपाठ आलेल्या दिसतात. ‘एन्थ-चाइल्ड’च्या कंसात सूत्रानंतर ‘ऑफ’ हा शब्द आणि एखादा निवडक लिहून केवळ त्या निवडकात बसणाऱ्या घटकांचीच मोजणी करण्याची सोय चौथ्या पिढीच्या निवडकांत झाली. सफारी ब्राउझरमध्ये ती २०१५ पासून होती; क्रोम व फायरफॉक्समध्ये २०२३ साली आली.

तिसरी चूक दिसणारा क्रम आणि लिहिलेला क्रम एकच मानण्याची. सीएसएसच्या साहाय्याने शेवटची नोंद पडद्यावर सर्वांत वर आणता येते. तथापि मोजणी मूळ लिखित क्रमानेच होते.

पहिले अक्षर : देवनागरीचा प्रश्न

‘फर्स्ट-लेटर’ हा निवडक परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करून छापील मासिकासारखा आरंभ साधून देतो. रोमी लिपीत अक्षर म्हणजे काय याविषयी फारसा संदेह नसतो. देवनागरीत मात्र तो उद्भवतो.

हुबळीच्या रेल्वेस्थानकाचे अधिकृत नाव ‘श्री सिद्धारूढ स्वामीजी हुबळी’ असे आहे. मार्च २०२३ मध्ये लोकार्पण झालेला तेथील १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून नोंदला गेला आहे. या फलाटाविषयीच्या लेखाचा आरंभ ‘श्री’ने झाला, तर पहिले अक्षर कोणते? मराठी वाचकाच्या दृष्टीने अखंड ‘श्री’. संगणकात मात्र ते श, हलन्त चिन्ह, र आणि दीर्घ ईकाराची वेलांटी अशा चार संकेतांनी साठविले जाते. युनिकोडच्या पूर्वीच्या सर्वसाधारण नियमानुसार ‘श्’ आणि ‘री’ हे दोन स्वतंत्र घटक ठरत. त्या नियमावर विसंबणाऱ्या आज्ञावलीत पाय मोडलेला मोठा ‘श्’ आणि त्यापुढे लहान ‘री’ असे विद्रूप रूप दिसण्याचा धोका होता. ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘त्र’ या अक्षरांबाबतही हेच घडू शकते.

सप्टेंबर २०२३ मधील युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम समाविष्ट झाला. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू व मल्याळम या लिपींना तो लागू करण्यात आला. हुबळी-धारवाडची कन्नड लिपी त्या यादीत नव्हती. नवा नियम प्रत्येक ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीत पोचलेला असतो असेही नाही. त्यामुळे मराठी वेबपानावर मोठे आद्याक्षर योजण्यापूर्वी ‘श्री’, ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षितिज’ आणि ‘त्रिकोण’ या शब्दांनी आरंभ होणारे परिच्छेद निरनिराळ्या मोबाइलांवर उघडून तपासावेत. जोडाक्षर तुटत असेल, तर लेखकाने आद्याक्षर स्वतंत्र घटकात ठेवून त्याला ‘क्लास’ द्यावा. त्यासाठी दर वेळी थोडे अधिक लेखन करावे लागते. मात्र अक्षर कोठे संपते हा निर्णय मराठी जाणणाऱ्याकडेच राहतो.