तेरेखोल : किल्ल्यातील एका दिवसाचा मुक्काम

१/८
नकाशावर तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोवा यांची सीमा दिसते. मुखाशी मात्र ही सीमा नदी ओलांडून उत्तर तीरावर येते. नदी, समुद्र आणि सिंधुदुर्ग जिल्हा यांच्यामध्ये गोव्याचा एक लहानसा तुकडा उरतो. असे का? उत्तर तेथील किल्ल्यात आहे. #थ्रेड

२/८
हा किल्ला पुढे हॉटेल झाला. खोल्या सातच होत्या, त्यांना सात वारांची नावे होती. खाली समुद्र, पलीकडे केरीची वाळू, मध्ये फेरीबोट. पाहुणा येथे एखाद्या रात्रीपुरता येई आणि सूर्यास्त पाहून परते.

३/८
किल्ला मूळचा सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा, सतराव्या शतकातील. त्यांच्या आरमाराला नदीच्या मुखात आसरा मिळे. किल्ल्याची जागा त्यासाठीच निवडलेली.

४/८
नोव्हेंबर १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आलोर्ना याने तो जिंकला. आत चर्च उभे राहिले. दक्षिणेकडील पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. ते आले १७८८ मध्ये. म्हणजे सुमारे चार दशके हा किल्ला परक्या मुलखातील एकाकी ठाणे होता.

५/८
भारत स्वतंत्र झाला, तरी येथे पोर्तुगीज ध्वज फडकतच राहिला. ऑगस्ट १९५४ मध्ये आल्फ्रेड अफोन्सो आणि त्यांचे सत्याग्रही निःशस्त्र आत शिरले व त्यांनी तिरंगा उभारला. एक दिवस किल्ला त्यांचा होता. मग अटक आणि तुरुंगवास.

६/८
१५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी पुढे सरसावले. तेरेखोल येथे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हुतात्मा झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला.

७/८
हिरवे गुरुजी पनवेलचे. पावणे, तुर्भे, बेलापूर या पट्ट्यातून गोव्याकडे निघणारी गाडी पनवेलवरूनच जाते. ज्या गावातून आपण सुट्टीसाठी जातो, त्याच गावाचा एक शिक्षक त्या किल्ल्यासाठी गेला आणि परतला नाही.

८/८
किल्ल्याचे हॉटेल होण्यात गैर काही नाही. वापरातली वास्तू टिकते. परंतु तेथे जाणाऱ्याने दोन मुक्काम ध्यानी ठेवावेत : एक हॉटेलातील पाहुण्यांचा, दाम मोजून मिळालेला, दुसरा १९५४ चा, एका दिवसाचा, ज्याचे मोल तुरुंगवासाने चुकते झाले.