दोनशे छप्पन्न बाइटांचा संसार

पगार घेऊन करायचे ते काम आणि पदरचे पैसे घालून करायचा तो छंद, अशी माझी सोपी व्याख्या आहे. तीत चपखल बसणारी जमात म्हणजे जुने संगणक जपणारी आणि घरच्या घरी नवे 'जुने' संगणक बनवणारी मंडळी.

या जमातीचा मूळपुरुष अल्टेअर 8800. जानेवारी 1975 च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. पैसे भरले की टपालाने सुटे भाग येत. सोल्डरिंग करत बसायचे आपण! एवढे करून पदरात काय? ना पडदा, ना कळफलक. समोर खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. स्मृती 256 बाइट. आमच्या मावशीचे 'इकडील सर्व क्षेम'वाले पोस्टकार्डही त्यात मावले नसते. वीज गेली की तेवढीही साफ. पुन्हा खटके, पुन्हा श्रीगणेशा!

आणि तरी लोक वेडे झाले. 5 मार्च 1975 रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजात तीसेक मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. पुढच्याच महिन्यात स्टीव्ह डॉम्पियर तिथे आपला अल्टेअर घेऊन आला. यंत्र मुके. पण ते चालू असले की शेजारच्या रेडिओत खरखर होई. पठ्ठ्याने ती खरखरच सुरात बसवून चक्क बीटल्सचे गाणे वाजवले! याच क्लबातल्या स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅकने पुढे 1976 साली ॲपल-1 आणला.

क्लब 1986 साली संपला, वेड संपले नाही. 1976 ची झेड 80 चिप 2024 मध्ये बंद होणार म्हटल्यावर ही मंडळी घरचे माणूस गेल्यासारखी हळहळली. 6502 चिपचा सुधारित अवतार मात्र अजून निघतो, आणि तो घेऊन लोक रात्र रात्र तारा जोडत बसतात. खिशातल्या 8 जीबीच्या फोनची स्मृती अल्टेअरच्या तीन कोटी पटींहून मोठी असताना!

का? उत्तर मला बँकेत सापडले. आमचे एक निवृत्त हेडक्लार्क सांगत, लेजर टॅली करताना सतरा पैशांच्या फरकासाठी रात्रीचे दहा वाजत. पण फरक सापडला की घरी जाताना छाती वीतभर फुगलेली. आता टॅली यंत्रच करते. ते अडले की मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "सिस्टिम स्लो आहे, जरा बसा." ही सिस्टिम कुठे असते, काय करते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि मलाही.

अल्टेअरवाल्याला मात्र कुठला दिवा का लागला, हे पक्के ठाऊक असते. घरात पूर्ण कळणारी एखादी तरी गोष्ट असावी, असे माणसाला वाटतेच. घरातली माणसे या कामी उपयोगाची नाहीत. तेव्हा संगणक बरा!