मांडवा: 14 किलोमीटरला किती वेळ लागतो?

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या साइट तुम्ही पाहिल्या असतील. आतलं गणित साधं असतं: अक्षांश-रेखांशावरून सरळ अंतर काढायचं आणि वेगाने भागायचं. मुंबई ते सिंधुदुर्गातलं चिपी हे अंतर असं साधारण 350 किलोमीटर येतं. ताशी 500 ने भागलं तर 42 मिनिटं. पण ऑक्टोबर 2021 मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात जवळपास दीड तास होता. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, वळणं, उतरणं हे त्या भागाकारात येतच नाही.

हाच भागाकार आज मांडव्याला लावून बघू. गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत जेमतेम 14 किलोमीटर. रस्त्याने गेलात तर पेण-वडखळचा वळसा, म्हणजे 100 किलोमीटरच्या आसपास.

आधी 1679 मध्ये जाऊ. मांडव्याच्या दक्षिणेला, थळसमोर खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, पण शिडाची. वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या उथळ आणि वल्ह्यांच्या. रात्रीच्या अंधारात थळहून रसद घेऊन निसटायच्या. समुद्र तोच, अंतर तेवढंच. पण इंग्रजांना जे कापता येईना ते आपल्या लोकांनी रोज कापलं, आणि किल्ला उभा राहिला.

आता 17 जुलै 1947. गटारीच्या सुमारास घरी निघालेली माणसं घेऊन ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस म्हणजे मांडव्याच्या शेजारचंच बंदर. वाटेत पावसाळी समुद्राने बोट कलंडली आणि 600 हून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे एवढ्या जवळची बातमी मुंबईला कित्येक तास कळली नाही. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्या तिथे होत्या, म्हणून काही जण तरी वाचले.

मला वाटतं, ‘किती वेळ लागेल’ या प्रश्नाचं सगळ्यात महाग उत्तर रायगडच्या या किनाऱ्याने दिलंय. पोचण्याचा वेळ अंतरावर कमी आणि ऋतू, बोट, धक्का यांवर जास्त ठरतो. अजूनही पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाड्यांसकट, तासाभरात. हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही. पण ती धावू शकते कारण मांडव्याला लाटा अडवणारा बांध आणि मोठी जेट्टी झाली. अंतर एक मीटरनेही कमी झालेलं नाही. काम झालं ते काठावर.

म्हणून उद्या कोकणात नवी विमानसेवा जाहीर झाली, तर ‘किती मिनिटांत’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ती जुलैमध्ये चालेल का?

भेटू पुढच्या भागात.