बेडकाच्या पायांचा हिशेब

१९८० च्या दशकापर्यंत भारतातून बेडकांचे गोठवलेले पाय युरोप-अमेरिकेला जात. या व्यापारातून मिळणाऱ्या परकीय चलनाची नोंद होई. नोंद न झालेली बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते.

मागणी होती ती पावसात पिवळ्याजर्द होणाऱ्या मोठ्या बेडकाला. पहिल्या सरींनंतर नर-मादी पाण्याशी जमत, तेव्हाच ते पोत्यांनी पकडले जात. विणीआधीच पकडणे म्हणजे व्याज सोडून मुद्दल खाणे. उपयोगात येत ते फक्त मागचे पाय. या बेडकांनी शेतातले जे किडे खाल्ले असते, ते कोणत्याच खात्यात मांडले गेले नाहीत.

बेडूक पाळण्याचा उपाय कागदावर सोपा दिसतो. पण बेडकाला हलते भक्ष्य लागते आणि या जातीचे बेडूकमासे एकमेकांनाच खातात. त्यामुळे पाळण्यापेक्षा शेतातून उचलणे स्वस्त पडे.

१९८५ मध्ये ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या जातीचा समावेश झाला. १९८७ मध्ये भारताने निर्यातबंदी केली. पुढे इंडोनेशिया मोठा निर्यातदार ठरला. गोव्यात मात्र पहिल्या पावसात ‘जम्पिंग चिकन’साठी चोरटी शिकार होतच राहिली. बंदीने निर्यात थांबली. बेडकाचे शेतातले मोल मांडायचे काम माझ्या मते अजून बाकी आहे.